मध्यरात्रीचा टेलिफोन आणि टेस्लाचा वारसा

रात्रीचा एक वाजून गेला कीं शहराची गडबड निवते आणि घरोघरचे दिवे मालवले जातात. जागा राहतो तो रात्रपाळीचा पहारेकरी, लांबच्या वाटेवरचा मालमोटारीचा चालक, किंवा ज्याला कांहीं केल्या झोंप येत नाहीं असा एखादा वृद्ध. अशा जागणाऱ्या माणसांना सोबत म्हणून अमेरिकेंत रात्रीच्या गप्पांचे रेडिओ-कार्यक्रम सुरू झाले, आणि त्यांत सर्वांत गाजला तो आर्ट बेल याचा. १९७८ सालीं लास व्हेगास येथील एका केंद्रावरून त्यानें या गप्पांना आरंभ केला. १९८८ पासून 'कोस्ट टु कोस्ट ए. एम.' या नांवानें तो कार्यक्रम देशभर पसरला, आणि पुढें नेव्हाडाच्या वाळवंटांतील पारंप या गांवीं राहत्या घरींच बेलनें ध्वनिक्षेपणाची खोली थाटली. २००३ सालीं कार्यक्रमाचीं सूत्रें जॉर्ज नूरी याच्याकडे गेलीं, व २०१८ सालीं बेल निवर्तला. श्रोत्यांनीं टेलिफोन करावा, मनांतील प्रश्न विचारावा आणि तो साऱ्या खंडानें ऐकावा, ही त्या कार्यक्रमाची रीत. येणारा टेलिफोन आधीं कोणीं पारखून न घेतां बेल तो सरळ हवेंत सोडीत असे. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील श्रोत्यांना एक क्रमांक, पश्चिमेकडील श्रोत्यांना दुसरा, आणि प्रथमच बोलणाऱ्यास निराळा, अशी व्यवस्था होती.

अशा कार्यक्रमांचा एक हक्काचा विषय म्हणजे निकोला टेस्ला. त्याचें नांव निघालें कीं प्रश्नांचा पाऊस पडतो. रेडिओ खरा कोणीं शोधिला? टेस्लाचे कागद सरकारनें दडविले काय? सर्व जगाला फुकट वीज देण्याची युक्ति त्याच्याजवळ होती काय? या प्रश्नांना प्रामाणिक उत्तरें काय देतां येतात, आणि मध्यरात्रीं तीं हवेंतून ऐकूं येतात तीं कोणत्या बळावर, या दोन गोष्टी दिसतात तितक्या एकमेकींपासून दूर नाहींत.

प्रथम रात्रीचें कोडें. जें केंद्र दुपारीं शंभर-दीडशें मैलांपलीकडे नीट ऐकूं येत नाहीं, तेंच मध्यरात्रीं हजार मैलांवर स्पष्ट ऐकूं येतें, हा मध्यम लहरींवरील श्रोत्यांचा जुना अनुभव आहे. याचें कारण आकाशांत आहे. सूर्यकिरणांमुळें वातावरणाच्या उंच भागांत विद्युत्भारित कणांचे थर तयार होतात. त्यांपैकीं सुमारें ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा खालचा थर दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला कीं हा थर विरतो, आणि लहरी त्यावरील उंच थरापर्यंत पोंचून आरशावरून उजेड परतावा तशा पृथ्वीकडे परत येतात. असा थर असावा असें १९०२ सालीं अमेरिकेंत केनेली यानें व इंग्लंडांत हेविसाइड यानें सुचविलें. १९२४ सालीं अ‍ॅपलटन यानें प्रयोगानें तें सिद्ध केलें, आणि त्याबद्दल त्यास १९४७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. रात्रीच्या कार्यक्रमाला खंडभर श्रोते मिळतात ते या थराच्या कृपेनें.

आतां टेलिफोनची गोष्ट. टेलिफोन करणाऱ्यास पहिली सूचना मिळते ती अशी: "घरांतला रेडिओ आधीं बंद करा." पुष्कळांना हें चमत्कारिक वाटतें, पण कारण साधें आहे. कोणी अयोग्य शब्द उच्चारल्यास तो गाळतां यावा म्हणून असे कार्यक्रम साधारण सात सेकंद उशिरानें प्रक्षेपित करण्याची पद्धत पडली. पूर्वीं हा विलंब ध्वनिफितीच्या साहाय्यानें साधीत, पुढें विद्युत्स्मृतीनें. रेडिओ चालू राहिला तर बोलणाऱ्याच्या कानीं त्याचेच सात सेकंदांपूर्वींचे शब्द येऊन आदळतात, जीभ अडखळते, आणि विचारावयाचा प्रश्न बाजूस राहतो. दुसरी अडचण तारांची. घरच्या टेलिफोनच्या दोनच तारांवरून जाणारा व येणारा असे दोन्ही आवाज एकदम वाहतात. केंद्रांत ते एका विशेष जोडणीनें वेगळे केले नाहींत, तर यजमानाचा आवाज फिरून हवेंत जातो आणि शीळ वाजूं लागते. शिवाय टेलिफोनच्या मार्गावरून दर सेकंदास सुमारें ३०० ते ३,४०० एवढींच कंपनें वाहून नेण्याची प्रथा असल्यामुळें बोलणाऱ्याचा आवाज रेडिओवर पातळ आणि दूरचा भासतो. शब्द मात्र पुरते कळतात.

इतक्या यंत्रणेंतून पार पडून श्रोता हवेंत येतो, तेव्हां त्याला मिळतात दोन-तीन मिनिटें. टेस्लाचें सारें आयुष्य तेवढ्यांत कसें मावणार?

टेस्ला १८५६ च्या १० जुलै रोजीं स्मिल्यान या गांवीं जन्मला. तें गांव तेव्हां ऑस्ट्रियन साम्राज्यांत होतें, आतां क्रोएशियांत आहे. वडील सर्बियन ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरु होते. ग्राट्झ येथें शिकत असतांनाच विजेच्या यंत्रांतील ठिणग्या उडविणारा भाग काढून टाकतां येईल काय, हा प्रश्न त्याच्या मनानें घेतला. १८८२ सालीं बुडापेस्टच्या एका उद्यानांत फिरतांना त्याला त्याचें उत्तर सुचलें, असें तो स्वतः सांगे. उलटसुलट वाहणारे दोन प्रवाह एकमेकांच्या किंचित् मागें-पुढें ठेवून वेटोळ्यांत सोडले, तर त्यांचें चुंबकक्षेत्र आपोआप गरगर फिरूं लागतें, आणि त्या क्षेत्राच्या ओढीनें मधला दांडा, त्याला तार न जोडतांही, फिरतो. १८८४ सालीं तो न्यूयॉर्कला उतरला आणि कांहीं महिने त्यानें एडिसनच्या पदरीं काम केलें. तें सोडल्यानंतर पोटासाठीं त्याला खड्डे खणण्याची मजुरीही करावी लागली. १८८८ च्या मे महिन्यांत त्याच्या यंत्रांना एकस्वें मिळालीं, आणि त्याच वर्षीं वेस्टिंगहाउस यानें ती विकत घेण्याचा करार केला.

येथें पहिला प्रश्न येतो: उलटसुलट प्रवाह टेस्लानेंच शोधून काढला काय? उत्तर असें कीं नाहीं. तो प्रवाह आणि त्याचा दाब कमी-अधिक करणारें रोहित्र हीं दोन्ही त्याच्या आधींच वापरांत होतीं. फिरत्या चुंबकक्षेत्राची कल्पनाही ट्युरिन येथील गॅलिलिओ फेरारिस यानें स्वतंत्रपणें साधून १८८८ च्या मार्चमध्यें प्रसिद्ध केली होती. तीन कलांच्या प्रवाहाचें यंत्र दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की यानें १८८९ च्या सुमारास घडविलें, आणि १८९१ सालीं जर्मनींत लाउफेनहून १७५ किलोमीटरांवरील फ्रँकफुर्टपर्यंत वीज नेऊन दाखविण्यांत आली. टेस्लाचें श्रेय असें कीं, जनित्र, वाहक तारा आणि चालकयंत्र यांची परस्परांना साजेशी संपूर्ण योजना त्यानें एकाच वेळीं मांडली. श्रेय वांटून दिल्यानें तें कमी होत नाहीं, उलट नेमकें होतें.

या योजनेचें महत्त्व एका साध्या हिशेबानें कळतें. तारेंत उष्णतेच्या रूपानें वाया जाणारी शक्ति प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढते. तीच वीज दसपट दाबानें पाठविली तर प्रवाह एकदशांश पुरतो, आणि नासाडी एकशतांशावर येते. एडिसनच्या एकमार्गी प्रवाहाचा दाब त्या काळीं सुलभपणें चढवितां-उतरवितां येत नसे, म्हणून त्याचें केंद्र मैलभराच्या परिसरालाच उजेड देऊं शके. १८९३ सालीं शिकागोचें जागतिक प्रदर्शन उलटसुलट प्रवाहानें उजळलें, आणि १८९६ च्या नोव्हेंबरांत नायगाऱ्याच्या धबधब्याची वीज सुमारें २६ मैलांवरील बफेलो शहरांत पोंचली.

दुसरा प्रश्न एडिसनच्या वैराचा. एडिसननें टेस्लाची नाचक्की करण्यासाठीं विजेनें हत्तीण मारली, ही कथा पुन्हांपुन्हां सांगितली जाते. टॉप्सी नांवाची हत्तीण कोनी आयलंड येथें मारण्यांत आली, हें खरें. तिचें चित्रीकरण एडिसनचें नांव लावणाऱ्या कंपनीनें केलें, हेंही खरें. परंतु ती घटना १९०३ च्या ४ जानेवारीची. प्रवाहांचें युद्ध त्यापूर्वीं दहा वर्षें आधींच मिटलें होतें, आणि एडिसनची विजेची कंपनी १८९२ सालींच विलीन होऊन तो त्या धंद्यांतून बाजूस झाला होता. तशीच दुसरी कथा अशी कीं, वेस्टिंगहाउसची अडचण ओळखून टेस्लानें आपला कोट्यवधींचा करार टराटरा फाडून टाकला. ओ'नील यानें १९४४ सालीं लिहिलेल्या चरित्रामुळें ती लोकांच्या मनांत ठसली. व्यवहारांत १८९७ सालीं वेस्टिंगहाउसनें २,१६,००० डॉलर एकरकमी देऊन तीं एकस्वें घेतलीं. टेस्ला उदार होता यांत शंका नाहीं. पण उदारपणाची हकीकत आणि हिशेबाची वही हीं दोन्ही पाहिलीं पाहिजेत.

तिसरा प्रश्न रात्रीच्या श्रोत्याला विशेष जिव्हाळ्याचा: रेडिओ कोणाचा? १८९१ पासून टेस्लानें उच्च कंपनांच्या विजेचे प्रयोग आरंभिले, आणि आज त्याच्या नांवानें ओळखलें जाणारें वेटोळें त्याच काळचें. १८९३ सालीं फिलाडेल्फिया व सेंट लुइस येथील व्याख्यानांत त्यानें तारेवांचून संदेश पाठविण्याची कल्पना स्पष्ट मांडली. १८९५ च्या मार्चमध्यें त्याची प्रयोगशाळा जळून खाक झाली. तरीही १८९८ सालीं त्यानें न्यूयॉर्कांत लोकांदेखत एक लहान नौका तारेवांचून चालवून दाखविली. इकडे कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं विद्युल्लहरी भिंतींतून पार नेऊन घंटा वाजविली होती, आणि या शोधांवर धन मिळविण्याकडे त्यांचा ओढा नव्हता. १९०१ च्या १२ डिसेंबरास मार्कोनीनें अटलांटिकपलीकडचा संकेत ऐकला, आणि १९०९ सालीं ब्राउन याच्यासह त्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

१९४३ च्या २१ जून रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें मार्कोनी कंपनीच्या दाव्यांत निकाल दिला. "त्या निकालानें रेडिओ टेस्लाचा ठरला," असें टेलिफोनवर हमखास सांगितलें जातें. निकालाचा आशय त्याहून मर्यादित होता. चार मंडलें परस्परांशीं जुळवून घेण्याचें जें एकस्व मार्कोनीनें मिळविलें होतें, त्याचीं मुख्य कलमें लॉज, टेस्ला आणि स्टोन यांच्या पूर्वींच्या कामामुळें रद्द झालीं. रेडिओचा जनक कोण, हा प्रश्न न्यायालयापुढें नव्हताच. तथापि त्या 'जुळवणी'चें महत्त्व फार मोठें आहे. श्रोता रेडिओची कळ फिरवून असंख्य केंद्रांतून नेमकें एक निवडतो, तो याच तत्त्वाच्या आधारानें. आणि हा निकाल लागला तेव्हां टेस्लाला मरून पांच महिने झाले होते.

चौथा प्रश्न फुकट विजेचा. १८९९ सालीं कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें टेस्लानें प्रचंड विद्युत्दाबाचे प्रयोग केले, आणि १९०१ पासून लाँग आयलंडवर वॉर्डेनक्लिफ येथें मनोरा उभारूं लागला. मॉर्गन या सावकारानें १,५०,००० डॉलर दिले. त्याहून अधिक देण्याचें त्यानें नाकारलें. काम खुंटलें, कर्ज चढलें, आणि १९१७ सालीं मनोरा पाडण्यांत आला. सावकाराच्या लोभामुळें मानवजातीचा दिवा विझला, ही समजूत ऐकायला गोड आहे. पण अडचण केवळ पैशाची नव्हती. पृथ्वीलाच वाहक करून तिच्यांतून शक्ति धाडावी, ही टेस्लाची भिस्त होती, आणि हर्ट्झच्या लहरींना तो गौण मानी. मोठी शक्ति अशा रीतीनें दूरवर, परवडेल इतक्या नासाडीनें, नेतां येते असें पुढें कोणालाही दाखवितां आलें नाहीं. शिवाय ती वीज कोठेंतरी उत्पन्न करावीच लागली असती. धबधबा किंवा कोळसा यांवांचून ती फुकट कोठून येणार? ज्या लहरींना त्यानें कमी लेखिलें, त्याच लहरी आकाशाच्या थरावरून परतून मार्कोनीच्या कानीं पोंचल्या, आणि रात्रीच्या श्रोत्याच्या कानींही त्याच पोंचतात. थोर बुद्धीचा माणूसही एखाद्या जागीं चुकूं शकतो, हें मान्य करण्यांत त्याचा अपमान नाहीं.

पांचवा प्रश्न दडविलेल्या कागदांचा. टेस्ला १९४३ च्या ७ जानेवारीस न्यूयॉर्कर हॉटेलच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलींत एकटाच मरण पावला. तो १८९१ पासून अमेरिकेचा नागरिक होता. तरीही परकीयांची मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी खात्यानें त्याचें सामान ताब्यांत घेतलें. महायुद्धाचे दिवस होते, आणि १९३४ सालीं एका संहारक किरणशस्त्राविषयीं त्यानें वृत्तपत्रांशीं बोलणें केलें होतें. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयाचे जॉन जी. ट्रम्प यांनीं कागद तपासून अभिप्राय दिला कीं, शेवटच्या पंधरा वर्षांतील लेखन बहुतांशीं तर्काचें, तात्त्विक आणि कांहींसें प्रचाराचें असून त्यांत प्रत्यक्षांत आणण्याजोगीं नवीं तत्त्वें नाहींत. पुढें तें सामान बेलग्रेडला गेलें, तेथें त्याचें संग्रहालय झालें, आणि २००३ सालीं युनेस्कोनें त्या कागदांची नोंद जागतिक स्मृतिसंग्रहांत केली.

याच सूत्रांत सैबेरियांतील तुंगुस्का येथील १९०८ च्या ३० जूनचा स्फोटही टेस्लाच्या माथीं मारला जातो. त्या स्फोटानें दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक अरण्य आडवें झालें. त्याची शक्ति मध्यम अंदाजानें एक कोटी टन टी. एन. टी. एवढी धरतात. वॉर्डेनक्लिफ येथें एक हजार किलोवॅटचें जनित्र अखंड चालत होतें असें वादाकरितां मानलें, तरी तेवढी शक्ति सांठविण्यास तेराशेंहून अधिक वर्षें लागलीं असतीं. आणि १९०८ सालीं तेथील काम बंदच पडलेलें होतें. हा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन कोणासही करतां येतो, टेलिफोन लागेपर्यंतच्या वेळांत सुद्धां.

हिंदुस्थानांतील श्रोत्यास आणखी एक गोष्ट ऐकूं येते: टेस्लाला वेदान्तांतून शक्तीचें रहस्य गवसलें. स्वामी विवेकानंद आणि टेस्ला यांची १८९६ सालीं न्यूयॉर्कांत भेट झाली होती. शक्ति आणि जडद्रव्य हीं मूळ एकाच शक्तीचीं रूपें आहेत हें गणितानें सिद्ध करतां येईल असें टेस्लाला वाटतें, असा मजकूर स्वामींच्या त्या वर्षीं १३ फेब्रुवारीस लिहिलेल्या पत्रांत आहे. भेट खरी, पत्र खरें. परंतु तशी सिद्धता टेस्लानें प्रसिद्ध केली नाहीं. महाराष्ट्राशीं त्याच्या विद्येचा जो निश्चित संबंध आला तो वेदान्ताच्या नव्हे, पावसाच्या पाण्याच्या वाटेनें. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर सांठविलेलें पाणी नळांतून खालीं सोडून टाटांनीं खोपोली येथें १९१५ सालीं वीज उत्पन्न केली, आणि ती घाट व खाडी ओलांडून मुंबईच्या गिरण्यांत गेली. नायगाऱ्याहून बफेलोला वीज नेली त्याच उलटसुलट प्रवाहाच्या पद्धतीनें सह्याद्रीचा पाऊस मुंबईचे माग चालवूं लागला.

मग इतकें उघड कार्य असतांना लोक दडलेल्या पेटीकडेच कां वळतात? टेस्लाला जिवंतपणीं पुरता न्याय मिळाला नाहीं, ही टोंचणी त्याच्या मुळाशीं आहे. १९१५ सालीं त्याला व एडिसनला नोबेल पारितोषिक मिळणार असें वृत्त छापून आलें, आणि पारितोषिक ब्रॅग पिता-पुत्रांस गेलें. अशा माणसाचें देणें फेडावें असें वाटणें चांगलें आहे. पण त्यानें न केलेल्या चमत्कारांची भर घालून तें फिटत नाहीं. उलट, चमत्कार खोटे ठरले कीं खऱ्या कामाकडेही लोक संशयानें पाहूं लागतात. पूर्वीं दुर्लक्षानें त्याच्यावर जो अन्याय झाला, तोच मग अतिशयोक्तीनें पुन्हां होतो. शास्त्रज्ञांनीं आपलें ऋण निराळ्या रीतीनें फेडलें: १९६० सालीं चुंबकक्षेत्राच्या तीव्रतेच्या एककाला त्यांनीं 'टेस्ला' हें नांव दिलें.

टेलिफोन करणाऱ्यानें म्हणून भलतें विचारूं नये, असें नव्हे. विचारावेंच. मात्र प्रश्नाबरोबर वर्ष विचारावें, कागद कोणता तें विचारावें, आणि जमल्यास हिशेब मांडण्यास सांगावें. यजमान उत्तर टाळूं लागला, तर श्रोत्यांना तेंही ऐकूं येतें.

टेस्लाच्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशीं, १९४३ च्या १० जानेवारीस, न्यूयॉर्कचे नगराध्यक्ष ला गार्डिया यांनीं लुइस अ‍ॅडॅमिक या लेखकानें लिहिलेला श्रद्धांजलीचा मजकूर नगराच्या रेडिओकेंद्रावरून वाचून दाखविला. तो ज्या पेट्यांतून ऐकूं आला, त्यांतील केंद्र निवडणारी जुळवणी आणि त्यांपैकीं बहुतेकींना चालविणारी वीज या दोहोंत त्या मृत माणसाचा वांटा होता. मध्यरात्रीं टेस्लाविषयीं प्रश्न विचारणाऱ्यालाही रेडिओ बंद करण्यासाठीं हात पुढें करावा लागतो. त्या क्षणीं त्याचीं बोटें ज्या कळीवर असतात, त्या कळीमागें टेस्लाचा वारसा आहे.